मागून वारं येतंय का?

शाळेच्या चाळिसाव्या वर्षाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी प्रथम टाळाटाळच केली. मी लेखक नाही. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत गेली चौदा वर्षे मी तांत्रिक सहायक म्हणून नोकरी करतो. बंद पडलेली यंत्रे चालू करणे आणि चालू असलेली बंद पडू न देणे, एवढेच माझे काम. परंतु आपल्या शाळेच्या एका जुन्या स्मरणिकेशी माझा हिशेब अपुरा राहिला आहे. विसाव्या वर्षी निघालेल्या त्या अंकात एक लेख असायला हवा होता, तो नाही. तो का नाही, हे मी आजवर कोणाला लेखी सांगितलेले नाही. ते सांगण्याची हीच जागा आहे असे वाटले, म्हणून लिहीत आहे.

ही हकीकत एका संगणकाच्या आवाजाची आहे.

सन २००३-०४ मध्ये मी नववीत होतो. त्या वेळी आपला संगणक कक्ष सभागृहाला लागून होता आणि दोहोंमध्ये एकच विटांची भिंत होती. कक्षात सात संगणक होते. सगळे कोणी ना कोणी वापरून दान दिलेले. यंत्रांवर आच्छादन घालणे, धूळ पुसणे आणि भारनियमनाची वेळ जवळ आली की सगळी यंत्रे रीतसर बंद करणे, ही कामे विज्ञानाच्या सरांनी माझ्याकडे सोपवली होती. ऊसतोडणीच्या टोळीबरोबर दर हिवाळ्यात गाव सोडणाऱ्या घरातून मी आलो होतो. सात यंत्रांच्या खोलीची किल्ली माझ्या करदोट्याला बांधलेली असे, याचा मला किती अभिमान वाटत असेल, हे माझ्या पिढीच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

स्मरणिकेची सर्व जुळणी चार क्रमांकाच्या संगणकावर चालली होती. दिवाळीपूर्वी त्या यंत्रातून घरघर येऊ लागली. चालू केल्यावर पहिली दहा मिनिटे आवाज मोठा असे, मग हळूहळू उतरे. सायंकाळच्या वंदनेनंतर सभागृहात दहा मिनिटे मौन पाळले जाई. काम अर्धवट राहिले म्हणून यंत्र चालू ठेवले असले की त्या मौनात भिंतीपलीकडची घरघर सर्वांना ऐकू येई. एके दिवशी लहान गटातील मुले हसली. अधीक्षक नंतर मला एवढेच म्हणाले, "त्या यंत्राचं काहीतरी बघ." मी ते मनाला लावून घेतले. सरांना विचारावे, असे मला वाटले नाही. खोलीची किल्ली माझ्याकडे होती ना.

यंत्राच्या मागच्या बाजूस जिथे विजेची वायर लागते, तिथे जाळीआड एक पंखा असतो. आवाज तिथूनच येत होता, एवढे मी कान लावून ओळखले होते. जाळीतून त्या पंख्याच्या मध्यभागी चिकटवलेला गोल कागद दिसत होता. पंख्यात तेल घालायचे झाल्यास या कागदाखालच्या भोकात घालतात, असे तालुक्याच्या एका दुकानात मी पाहिले होते. यंत्र बंद करून मी सुईने तो कागद सोलला आणि शाईच्या ड्रॉपरने तेलाचे चार-पाच थेंब आत सोडले. तेल कोणते? वसतिगृहात दर रविवारी डोक्याला लावण्यासाठी मिळे तेच, खोबरेल. घरघर त्याच दिवशी थांबली. मौनाच्या वेळी सभागृहात खरोखरच शांतता पसरली आणि मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली.

आता त्या लेखाविषयी.

आपल्या भोजनगृहातील मावशी जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असतीलच. शाळा पत्र्याच्या दोन खोल्यांत भरत होती तेव्हापासून त्या इथे होत्या. त्यांना सही करता येत असे, त्यापलीकडे लिहिता येत नसे. स्मरणिकेत त्यांचा लेख हवाच, असा सरांचा आग्रह होता. "त्यांना लिहिता येत नाही, सांगता येतं. त्या सांगतील ते तू जसंच्या तसं टंकित कर. एक शब्दही सुधारू नकोस," असे त्यांनी मला बजावले. म्हणून रात्रीची भांडी आटोपली की नऊच्या सुमारास मावशी पदराला हात पुसत कक्षात येत, यंत्राशेजारच्या स्टुलावर बसत आणि सांगू लागत. मी एकेका अक्षराची कळ शोधत टंकित करीत असे. अशा दहा-बारा बैठकी झाल्या. कागदावर काहीच उतरले नाही. त्यांच्या तोंडून निघालेले थेट यंत्रात गेले. दर शनिवारी फ्लॉपीवर प्रत काढून ठेव, असे सरांनी सांगितले होते. लेख पूर्ण झाला की एकदाच काढू, असे मी ठरवले.

यंत्राचा आवाज बदलल्याचे प्रथम मावशींनीच ओळखले होते. "आज ह्याचा घसा बसलाय," असे त्या म्हणाल्या होत्या. तेल घातल्यानंतरच्या बैठकीत त्या आल्या, बसल्या आणि थोडा वेळ ऐकत राहिल्या. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मावशी, दुरुस्त केलं मी." त्यावर त्या म्हणाल्या, "आवाज गेला ते बरं झालं, लेकरा. पर मागून वारं येतंय का?"

भोजनगृहाच्या धुराड्याखाली रोज हात धरून बघण्याची त्यांना सवय होती. धूर ओढला जातो की नाही, हे डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते, असे त्या सांगत. मी हसलो. यंत्राच्या मागे हात मात्र धरला नाही.

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. हे मला शाळेत कोणी शिकवायची गरज नव्हती. थंडीच्या दिवसांत माझ्या पेटीतली तेलाची बाटली सकाळी पांढरीफटक झालेली असे आणि ती उन्हात ठेवूनच आम्ही तेल लावत असू. रोज डोळ्यांसमोर दिसणारी ही गोष्ट आणि चार क्रमांकाचा पंखा यांचा संबंध माझ्या डोक्यात जुळला नाही. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता, मावशींच्या लेखाचे मागील पान तपासावे म्हणून मी ते यंत्र चालू केले. पडदा उजळला. कसलाही आवाज नव्हता. माझ्या कामगिरीवर खूश होऊन मी यंत्र तसेच चालू ठेवले आणि आंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा खोलीत जळाल्याचा उग्र वास भरला होता, फ्यूज उडाला होता आणि यंत्र निर्जीव झाले होते.

आत काय झाले असेल, ते आज मला नीट सांगता येते. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा संगणकाच्या भागांना चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट धारा लागते. हे रूपांतर करणारी पत्र्याची पेटी म्हणजे एसएमपीएस. ही पेटी आलेल्या विजेची प्रथम तीनशे व्होल्टहून अधिक दाबाची दिष्ट धारा करते. मग ती धारा सेकंदाला हजारो वेळा खंडित करून एका लहानशा रोहित्रातून पुढे पाठवते आणि हवा तेवढा कमी दाब मिळवते. या कामात उष्णता निर्माण होते. ती बाहेर फेकण्याचे एकमेव साधन म्हणजे तो पंखा. गोठलेल्या तेलाने पंखा जागीच रुतला होता. त्या स्वस्तातल्या पेटीत अति तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय नव्हती. पेटी जळताना भलताच दाब पुढे सोडून गेली आणि मदरबोर्डबरोबर हार्ड डिस्कही गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी ती दाखवली, पण तिच्यातून काही निघाले नाही.

बाकीच्या लेखांची हस्तलिखिते सरांच्या कपाटात होती. आठ-दहा दिवसांत ते सर्व दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टंकित झाले. मावशींच्या लेखाचे हस्तलिखित नव्हतेच.

सर मला रागावले नाहीत. ती पेटी त्यांनी आठवडाभर बाजूला ठेवली. मग मला दूर उभे करून त्यांनी ती स्वतः उघडली आणि आतल्या मोठ्या धारित्रांत काही भार उरला आहे का, हे मीटर लावून पाहिले. त्यानंतर मला जवळ बोलावले. "पंखा बोटाने फिरव," ते म्हणाले. तो फिरला नाही. पात्यांच्या मुळाशी मेणासारखा पिवळट थर बसला होता. "तू आवाज बंद केलास. पंखा दुरुस्त केला नाहीस," एवढेच ते बोलले.

मावशींना मी स्वतः जाऊन सांगितले. त्या भाकरी थापत होत्या. "गेलं म्हणतोस? सगळं?" त्यांनी विचारले. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "परीक्षा हू दे तुझी. उन्हाळ्यात सांगते पुन्हा." त्या उन्हाळ्यात मी टोळीबरोबरचे आईवडील परतल्यावर गावी गेलो आणि त्या लेकीकडे गेल्या. स्मरणिका तोवर छापून झाली होती. पुढच्या वर्षी माझी दहावी, मग तंत्रनिकेतनातील पदविका, मग नोकरी. २०१२ साली त्या गेल्याचे कळले. त्या "पुन्हा" सांगणार होत्या, पण मी पुन्हा विचारायला गेलो नाही. तेलाची चूक अज्ञानाची होती. ही दुसरी चूक मात्र अज्ञानाची नव्हती.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी शाळेत आलो होतो. आता संगणक कक्ष नव्या इमारतीत आहे आणि यंत्रेही पुष्कळ आहेत. सध्याचे संगणक शिक्षक म्हणाले, "एक यंत्र फार आवाज करतं. काढून टाकावं म्हणतो." कोपऱ्यातून तीच ओळखीची घरघर येत होती. मी नववीची चार मुले-मुली मागून घेतली आणि आम्ही एकत्रच त्या आवाजाचा शोध घेतला. तो शोध थोडा तपशीलवार सांगतो. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे यंत्र आहे, तेव्हा हे पालकांनाही उपयोगी पडावे.

पहिला नियम मी मावशींचा सांगितला. आवाजाकडे वळण्यापूर्वी यंत्राच्या मागे हात धरा आणि वारे येते का पाहा. वारे येत होते, पण मंद. पेटीच्या जाळीवर धुळीची गोधडीच बसली होती.

दुसरी पायरी, आवाज नेमका कुठून येतो ते ठरवणे. संगणकात फिरणारे भाग अनेक असतात. प्रोसेसरवरचा पंखा, कॅबिनेटचा पंखा, एसएमपीएसचा पंखा आणि जुनी असल्यास हार्ड डिस्क. पत्र्याच्या खोक्यात आवाज घुमतो, त्यामुळे नुसत्या कानाला तो सगळीकडूनच येतो असे वाटते. आम्ही एका तक्त्याच्या कागदाची गुंडाळी केली. तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे खोक्याच्या बाहेरून एकेका भागाजवळ धरले. मग यंत्र बंद करून, भिंतीतला प्लग काढून, कॅबिनेटच्या पंख्याची जोडणी सोडवली आणि यंत्र अर्धा मिनिट चालवून पाहिले. आवाज तसाच होता. पुन्हा सर्व बंद करून हार्ड डिस्कची वायर काढली आणि तेवढाच वेळ चालवले. आवाज तसाच. प्रोसेसरचा पंखा मात्र असा सोडवून पाहू नये, कारण त्याच्याविना प्रोसेसर पाहता पाहता तापतो. तिथे कागदाच्या नळीवरच भिस्त ठेवली. उरला एसएमपीएस.

तिसरी पायरी, आवाजाची जात ओळखणे. खोक्यावर तळहात दाबला की आवाज बदलत असेल, तर दोष बहुधा सैल स्क्रूचा किंवा थरथरणाऱ्या पत्र्याचा असतो. स्क्रू आवळला की प्रश्न मिटतो. ठरावीक अंतराने खरडल्यासारखा आवाज येत असेल, तर एखादी वायर पात्यांना घासत असते. यंत्र थंड असताना मोठी आणि तापल्यावर उतरणारी घरघर ही कोरड्या पडलेल्या बेअरिंगची खूण. याशिवाय एक बारीक, शिट्टीसारखा आवाज असतो. पडद्यावरचे काम बदलले की तोही बदलतो. पेटीतील तारांची वेटोळी विजेच्या जलद चढउताराने सूक्ष्म कंप पावतात, त्याचा तो आवाज. तो त्रासदायक असतो, पण बहुधा धोक्याचा नसतो. तडतड ऐकू आली किंवा जळका वास आला, तर मात्र शोध वगैरे काही करू नये. आधी भिंतीतले बटण बंद करावे.

शिट्टी आणि घरघर यांत गोंधळ होत असेल, तर एक सोपी कसोटी आहे. सर्व कामे रीतसर मिटवून यंत्र बंद करावे आणि त्या क्षणाला कान द्यावा. विजेचा आवाज वीज जाताच तुटतो. पंख्याचा आवाज पंखा थांबेपर्यंत काही सेकंद रेंगाळतो आणि उतरत जातो. आम्ही तसे केले. खोलीत सर्वांनी श्वास रोखला. घरघर उतरत उतरत शेवटी एक कर्र असा झटका देऊन थांबली. "बेअरिंग!" दोघी मुली एकदम म्हणाल्या. निदान झाले होते.

मग मुलांना मागे सारून मी मल्टिमीटर लावला. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट अपेक्षित असतात आणि ११.४ ते १२.६ पर्यंतचा फरक चालतो. लाल वायरवर ५ अपेक्षित, ४.७५ ते ५.२५ पर्यंत ठीक. दोन्ही दाब मर्यादेत होते. म्हणजे पेटीचे बाकीचे काम तूर्त ठीक होते, दुखणे पंख्याचेच होते. एका मुलाने विचारले, "दादा, मग पेटी उघडून नुसता पंखाच बदलू ना?" मी नाही म्हणालो आणि कारण सांगितले. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या धारित्रांत जीवघेणा भार काही काळ राहू शकतो. ती पेटी उघडणे हे शिकलेल्या माणसाचे, योग्य साधने हाताशी असतानाचेच काम आहे. शिवाय हे यंत्र नऊ वर्षांचे होते. बेअरिंग झिजेपर्यंत पेटी किती तापली असेल, याचा हिशेब बाहेरून लागत नाही. दोन-अडीच हजार रुपयांत चांगली नवी पेटी मिळते. घेताना मात्र खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर भुलू नये. हलक्या पेट्यांवर तो आकडा फुगवलेला असतो. ८० प्लस असे प्रमाणपत्र असलेली पेटी आलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के कामी लावते. वीज वाया कमी जाते, म्हणून उष्णता कमी, म्हणून पंखा संथ आणि आवाजही कमी. कारणांची ही साखळी मुलांनी माझ्या आधीच पुरी केली.

इथे हे सर्व संपायला हवे होते. पण खोक्याचे झाकण लावताना, इतका वेळ गप्प असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "दादा, पलीकडच्या यंत्राला हात लावला की मुंग्या येतात."

त्या यंत्राचा आवाज मुळीच येत नव्हता. सर्वांत शांत यंत्र म्हणून मुले तेच पसंत करीत. मी त्याच्या प्लगमागचा एक्स्टेन्शन बोर्ड उलटून पाहिला. बोर्डावर तीन पिनांची जागा होती, पण भिंतीकडे जाणारी वायर दोनच तारांची होती. अर्थिंगची तारच नव्हती. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी छोटी धारित्रे असतात आणि ती फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याच्या खोक्याला जोडलेली असतात. अर्थिंग ठीक असले की तिथे झिरपणारी थोडी वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसले की खोके अधांतरी राहते आणि त्यावर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसू शकतो. ही झिरप एरवी अत्यल्प असते, म्हणून फक्त मुंग्या येतात. पण आतली एखादी तार सुटून खोक्याला टेकली, तर मुलांना वाचवणारी तारच तिथे नव्हती. "किती दिवसांपासून मुंग्या येतात?" मी विचारले. "दिवाळीपासून." "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "कोणी विचारलं नाही."

ते यंत्र आम्ही तत्काळ बंद केले. दुसऱ्या दिवशी वायरमन आले. तीन तारांची वायर टाकून त्यांनी प्रत्येक सॉकेट तपासले. फेज आणि अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दिसले पाहिजेत आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे. आणखी एका बोर्डाचा तोच दोष निघाला. पालकांना माझी विनंती आहे की घरी संगणक, फ्रिज किंवा धुलाई यंत्राला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ते किरकोळ समजू नये. चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांची तिसरी पिन मोडून प्लग दोन पिनांच्या जागेत बसवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती कृपया सोडावी.

त्या रात्री वसतिगृहात मुक्काम केला. झोप येईना. घरघरणाऱ्या यंत्राभोवती आम्ही सहा माणसे दोन तास जमलो होतो आणि खरा धोका शेजारच्या गप्प यंत्रात होता. एका मुलीला तो आठ-नऊ महिने ठाऊक होता. मला नववीतला मी आठवलो. आणि मावशी आठवल्या. त्यांना कोणी विचारावे लागत नसे आणि त्या कोणाला विचारल्यावाचून राहत नसत.

त्यांच्या लेखातले जे थोडे माझ्या स्मरणात आहे, ते इथे लिहून ठेवतो. शब्द पूर्णपणे त्यांचे नाहीत. तेवढे ते माझ्याकडे उरले नाहीत.

पहिल्या वर्षी सतरा मुले होती आणि त्यांच्यासाठी एकच मोठे पातेले होते. मावशी मुलांची गणती हजेरीपटावरून करीत नसत, भाकरीवरून करीत. काल तीन खाणारे पोर आज दीड खाते म्हणजे एक तर ताप आहे, नाही तर घरून पत्र आले आहे, हे त्यांचे गणित. असे पोर दिसले की त्या वाढायच्या निमित्ताने त्याच्याशेजारी बसत. रात्री मुलांच्या खोलीबाहेरून जाताना खोकल्यावरून कोणते पोर ते त्या ओळखत. पत्रे उडालेल्या एका पावसाळी रात्री सगळी मुले त्यांनी चुलीच्या उबेला झोपवली आणि स्वतः दारात बसून राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला त्या वेळी, आमच्या भागातही जमीन हलली. त्या सांगत की माणसांच्या आधी मांडणीवरची भांडी जागी झाली. पितळी डबा कधी आपण होऊन वाजत नाही, म्हणून त्या उठल्या आणि एकेका पोराचा हात धरून सर्वांना मैदानात नेले. तिथे काळोखात पुन्हा गणती केली. एक कमी भरला. तो आत शाळेची घंटा घ्यायला परतला होता. "घंटा राहिली असती तर काय झालं असतं रे," असे म्हणून त्याला त्यांनी आधी एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरले. हे सांगताना मावशी हसल्या होत्या आणि मी टंकित करायचे थांबलो होतो, एवढे पक्के आठवते.

एवढेच माझ्यापाशी आहे. मूळ लेख सुमारे चौदा पानांचा होता.

संपादक मंडळाला मी दोन गोष्टी कळवल्या आहेत. दर वर्षी दिवाळीच्या सुटीत तीन दिवस येऊन मी संगणक कक्षाची तपासणी करीन. धूळ काढणे, पंखे पाहणे आणि अर्थिंग मोजणे ही कामे नववीच्या मुला-मुलींना बरोबर घेऊनच होतील. प्रत्येकाला मी एकच प्रश्न आधी विचारणार आहे, कुठे मुंग्या येतात का. दुसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी आहे. मावशींच्या हातची भाकरी खाल्लेले कितीतरी माजी विद्यार्थी हा अंक वाचतील. त्यांनी कधी काही सांगितलेले तुम्हाला आठवत असेल, अगदी एक वाक्य असले तरी, ते कृपया कागदावर लिहून शाळेच्या पत्त्यावर पाठवा. विसाव्या वर्षीच्या अंकात राहून गेलेला लेख आपण सगळे मिळून जमेल तेवढा भरून काढू. टंकित मीच करीन. आणि या वेळी प्रत त्याच दिवशी काढून ठेवीन.